अर्धी झाळ

कोल्हापूर,
ता. १७ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांना,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानातलं मशीन आता शिट्टी मारत नाही, पण त्यातून ऐकूही येत नाही, असं संयोगिताताईनं कळवलं. गेल्या वेळी फोनवर मी दुकानाच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात म्हणून विचारलं, तर तुम्ही मला आमटीत गूळ घालायला सांगितलंत. म्हणून आता पत्र. पोस्टाची पेटी शोधायला मला कागलच्या एमआयडीसीत तीन माणसांना विचारावं लागलं आणि तिघंही माझ्याकडं बघतच राहिले. तुमच्या लेकीच्या घरी तुमची सोय चांगली लागली असेल, आणि कुरुंदवाडच्या नदीचं पाणी उतरलं असेल.

काम असं आहे. मंगळवार पेठेतलं तुमचं सायकल दुकान सप्टेंबरअखेर मालकाच्या ताब्यात द्यायचं, म्हणून दोन रविवार मी आवराआवर करते आहे. बाबा आले नाहीत. तुमच्या या धाकट्या भावाच्या डाव्या पायाला ती उभी शिडी झेपत नाही, आणि सायकलींच्या दुकानात त्यांना फार वेळ थांबवतही नाही हे तुम्हाला माहीतच आहे. आज माळ्यावर चढले तर पार भिंतीला, पोत्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेली एक सायकल सापडली. सुतळी सोडायला अर्धा तास गेला. इतक्या गाठी कुणी मारल्या होत्या कोण जाणे.

तात्या, अशी सायकल मी कधी पाहिली नाही. फ्रेम एवढी उंच की दुकानात येणाऱ्या माणसानं ती बघून शिडी मागावी. रंग निळसर राखी. पुढं बिल्ल्याच्या जागी नुसती दोन बारीक भोकं. मडगार्ड अॅल्युमिनियमचे, बारीक हातोडीनं ठोकल्यासारखे खळगे असलेले. कॅरियर मागंही आहे आणि पुढंही. पायडलच्या टोकाला एकीकडं डी आणि दुसरीकडं जी अशी इंग्रजी अक्षरं कोरली आहेत. सीट मात्र नाही, आणि सीटचा दांडाही नाही. ही कुणाची? कुठल्या देशाची? आणि मुख्य म्हणजे, मला बसेल का?

मी पाच फूट अकरा आहे हे तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते. बाबांची उंची माझ्याकडं आली, सायकल मात्र आली नाही. लहानपणी मागितली की त्यांचं ठरलेलं उत्तर, आपल्या घरातल्या उंच माणसांना सायकल सोसत नाही. तरुणपणी पन्हाळ्याच्या उतारावर स्वतःच्या मस्तीनं पडलो, तोल गेला, पाय गेला, तुझं तसं व्हायला नको. कॉलेजात मैत्रिणीच्या सायकलवर शिकले तेव्हा माझे गुडघे हँडलला लागायचे. यंदा दसऱ्याला आमच्या कारखान्यातले आठजण सायकलनं पन्हाळ्याला जाणार आहेत. मला जायचं आहे. बाबांना आधी सायकल चालवून दाखवायची आणि मग सांगायचं असं ठरवलंय, म्हणून उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता मागं लिहिला आहे.

संयोगिताताईला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो सायकलसकट असू द्या.

तुमची,
अनुजा


कुरुंदवाड,
ता. २४ ऑगस्ट २०२५

चि. अनुजास,
तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. चारदा उत्तर लिहायला बसलो आणि चारदा उठलो. नदीचं पाणी उतरलं, घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या. संयोगिता मला चहात साखर घालू देत नाही, बाकी त्रास नाही. आमटीतल्या गुळाचं मात्र मी बरोबर सांगितलं होतं. तू किल्ल्या विचारल्यास ही तुझी चूक.

सायकलीबद्दल. ती फ्रान्सची आहे. बिल्ला नसला तरी डी आणि जी ही अक्षरं त्यांच्या भाषेतली उजव्या-डाव्याची आहेत, आपल्याकडच्या पायडलवर आर आणि एल असतात. खळग्यांचे मडगार्ड, पुढचं-मागचं कॅरियर फ्रेमलाच पक्कं, चाकं आपल्या सायकलीपेक्षा जरा लहान पण टायर जाड, हे सगळं लांब पल्ल्याच्या सायकलीचं. सामान लादून महिनोन्‌महिने हिंडायला ती केलेली असते. पंच्याऐंशी साली एक लांबलचक फ्रेंच पाहुणा तिच्यावरून गोव्याहून आला, काविळीनं पडला. तीन आठवडे आपल्या घरी होता. तुझी आजी त्याला ताक-भात घालायची. बरा झाल्यावर विमानानं घरी गेला आणि सायकल मला देऊन गेला. मी पाच फूट चार, मला ती काय उपयोगाची. माळ्यावर टाकली ती राहिली.

माझं ऐक, ती भंगारात घाल. जुनं धूड आहे. सुटे भाग आपल्याकडं मिळत नाहीत. नव्या सायकली उंच माणसांसाठीही मिळतात आता, तुझा पगार चांगला आहे.

तरी तू ऐकणार नाहीस हे मला कळतं, म्हणून माप कसं घ्यायचं ते लिहितो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांत घट्ट वर धर आणि त्याच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण कर. जमिनीपासून खुणेपर्यंत किती भरतं ते बघ. मग सायकलीच्या सीटचा दांडा जिथं जातो त्या नळीची उंची मोज, पायडलच्या आसाच्या मध्यापासून वरपर्यंत. आणि त्या नळीच्या तोंडाचं आतलं माप घे, पण फूटपट्टीनं नको. तू कारखान्यात मापंच तपासतेस, तिथलं चांगलं हत्यार वापर. आकडे कळव. मग बघू.

तुझ्या बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस. रविवारी इकडं यायचं म्हणशील तर येऊ नकोस, आमच्याकडं गणपतीची गडबड आहे. पत्रच बरं.

आईबाबांना माझा निरोप सांग. ममता ठेव.

तुझा,
तात्या


कोल्हापूर,
ता. २ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांना,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

आकडे घ्या. माझ्या पायाचं माप एकोणनव्वद सेंटिमीटर. नळी बासष्ट सेंटिमीटर. नळीच्या तोंडाचं आतलं माप सव्वीस पूर्णांक चार मिलिमीटर, चार बाजूंनी चारदा व्हर्नियर लावून घेतलेलं. फ्रेमवर पाय टाकून उभी राहिले तर खाली दोन बोटं जागा उरते. म्हणजे सायकल मला मोठी होत नाही. ती मला होते, तात्या. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला वाकायला न लावता झाली आहे. भंगाराचं नाव परत काढू नका.

माप घेताना बाबांनी पाहिलं. भिंतीला पाठ लावून, पायांत जाड शब्दकोश धरून मी उभी, आणि ते दारात. काय चाललंय म्हणाले. मी म्हटलं, पॅन्ट शिवायला टाकायची आहे. ते खुणेकडं बराच वेळ बघत होते. मग आपली पेन्सिल घेऊन तिथं तारीख लिहून गेले, मी लहान असताना उंची लिहायचे तशी. मला फार अपराधी वाटलं. दोन वर्षांपूर्वी भांडणात मी त्यांना तोंडावर भित्रे म्हटलं होतं, तेही नेमकं तेव्हाच आठवलं. दसऱ्याला सगळं फेडते.

आता गंमत ऐका. तुमच्या दुकानात लोखंडी पकड बसवलेल्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात फडक्यात गुंडाळलेले दोन तुकडे सापडले. सीटचा दांडाच, मध्ये मोडलेला. माप घेतलं तर सव्वीस पूर्णांक चार. म्हणजे याच सायकलीचा. मूळ दांडा कापून त्याला कुणीतरी दोन इंचांचा तुकडा जोडून लांब केला आहे. आणि तात्या, जोड म्हणजे काय सांगू. पितळ फक्त दोन ठिकाणी लागलंय, नखाएवढं. बाकी सगळा घेर कोरा. वरून कानस मारून चांदीचा रंग फासलाय, म्हणजे बघणाऱ्याला अखंड दांडा वाटावा. आमच्या खात्यात असा माल आला तर मी तो लाल खडूनं फुली मारून बाजूला काढते आणि करणाऱ्याला बोलावून घेते. तुमच्या हातचं हे नाही, ते मला बघताक्षणी कळलं. कुणी उमेदवारी करणाऱ्यानं केलं असावं आणि तुम्ही पुरावा म्हणून जपून ठेवलं असावं.

पण तुकडे मापाचे आहेत हे बरं झालं, कारण या मापाचा दांडा कोल्हापुरात कुणाकडं नाही, मी सात दुकानं फिरले. आमच्या वेल्डिंग खात्यातला धैर्यशील म्हणतो, पुढच्या शनिवारी पुन्हा जोडून देतो, हाय काय आणि न्हाय काय. तो बसवला की सीट, आणि सीट बसली की मी. दसरा दोन ऑक्टोबरला आहे, महिना हातात आहे.

तब्येतीला जपा. साखर चोरून खाऊ नका. लोभ वाढवत राहा, इथं तो पुरत नाही.

तुमची,
अनुजा


कुरुंदवाड,
ता. ८ सप्टेंबर २०२५

चि. अनुजास,
आशीर्वाद.

धैर्यशीलला तो दांडा जोडू देऊ नकोस. हे वाक्य वाचून पत्र बाजूला ठेव, त्याला जाऊन सांग आणि मग पुढचं वाच. हे पत्र संयोगिताच्या दिराबरोबर हातोहात पाठवतो आहे, पोस्टाचा भरवसा धरला नाही.

ती सायकल तुझ्या बाबांची आहे आणि तो दांडा मी केलेला आहे.

पाहुणा गेल्यावर मी सायकल हंबीरला दिली. तो सहा फूट तीन. त्याला मूळ दांडा अगदी टोकापर्यंत वर काढला तरी पायडल मारताना गुडघे दुमडायचे. आणखी दोन इंच हवे होते. पाहुणा फ्रेंच होता, पण त्या काळी आम्हाला परदेशी सायकल म्हणजे विलायती, इंग्लंडच्या मापाची, एवढंच कळायचं. मी मुंबईहून विलायती दांडा मागवला, तो नळीत जाईना. आपल्याकडचा घातला, तो डुगडुगायला लागला. फ्रेंच सायकलीचं माप वेगळं असतं हे तेव्हा ओळखलं असतं तर नळीचं माप घेऊन अखंड सळईतून नवा दांडा लेथवर कातून आणला असता. पण पेठेत सगळे मला मास्तर म्हणायचे आणि मास्तरला सायकल ओळखता आली नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी मूळ दांडा कापला आणि जोड द्यायला घेतला.

शहाऐंशी सालची ती अष्टमी. संध्याकाळी जोड जागेवर धरायला दोन डाग दिले आणि घेरभर पितळाची झाळ भरायला घेणार तोवर आबा, म्हणजे तुझे आजोबा, दुकानात आले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्या दुकानाचा रिवाज तुला माहीत आहे, अष्टमीच्या संध्याकाळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची, ती दसऱ्याचं सोनं लुटून झाल्याशिवाय उचलायची नाहीत. आबा म्हणाले, हत्यारास्नी बी वर्सातनं एकदा इसावा लागतोय, ठेव खाली. मी ठेवली. पण त्याआधी डागांवर कानस मारली आणि वर चांदीचा रंग दिला. पूजेत सायकल मधोमध उभी करायची होती, अर्धवट काम डोळ्यांवर आलं असतं. नवमीला झेंडूची माळ घालून सायकल उभी केली. आबांनी तिच्यापुढं नारळ वाढवला. येईल तो दांड्यावरून बोट फिरवून म्हणायचा, जोड कुठं हाय मास्तर, सापडत न्हाय की. मी नुसता हसत होतो. फार बरं वाटत होतं मला, हेही लिहितो.

दसऱ्याला सकाळी हंबीर पाच मित्रांना घेऊन आला. पन्हाळ्याला जाऊन सोनं लुटायच्या वेळेला परत यायचं होतं त्यांना. हत्यारं पूजेत, झाळ राहिलेली. मला एवढंच म्हणायचं होतं की हंबीर, काम पुरं झालेलं नाही, आज नको. मित्रांपुढं म्हणवलं नाही. आबांपुढं पूजेतली हत्यारं उचलायचं धाडसही नव्हतं. जपून जा म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, दादा, तुझं काम हाय, मला कशाची भीती.

वाघबीळच्या उतारावर दांडा मोडला. हंबीर सीटसकट मागं फेकला गेला आणि दगडी कठड्यावर आपटला. खुबा मोडला. मी टेंपो घेऊन पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. सायकल रस्त्याकडेला पडली होती. अनुजा, मी दवाखान्यात जायच्या आधी पक्कड घेऊन फ्रेममध्ये अडकलेला तुकडा उपसला आणि सीटखालच्या तुकड्यासकट खिशात घातला. पूजेतली हत्यारं भावासाठी उचलली नाहीत, पण त्या दिवशी ती पक्कड उचलली.

हंबीरला पडल्याचं आठवत होतं, कसं पडला ते नाही. आबांनी दवाखान्यात विचारलं, हात सोडून चालवत हुतास न्हवं. हंबीरनं आधी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. मग तो म्हणाला की असेल, माझाच तोल गेला असेल. फौजदाराच्या भरतीची लेखी परीक्षा तो पास झाला होता, डिसेंबरात मैदानी चाचणी होती. ती गेली. पाय दीड इंच आखूड राहिला. मस्तीनं पडला हे आबांनी मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं आणि हंबीरनं ते खरं धरलं. तुला सायकल मिळाली नाही ती माझ्यामुळं. तू त्याला भित्रा म्हणालीस, तो शब्दही माझ्याच खात्यावर आहे.

सायकल भंगारात घातली असं मी घरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात विकवलीही नाही आणि मोडवलीही नाही. पोत्यात बांधली, त्या गाठी माझ्या.

आता तुझ्या मापाचं. तुला दांडा लांब करायची गरजच नाही. तुझा पाय एकोणनव्वद, नळी बासष्ट, म्हणजे दांडा चार बोटांच्या आसपास बाहेर राहील. उद्यमनगरात कुणाही लेथवाल्याकडून अखंड सळईतून सव्वीस पूर्णांक चारचा कातून घे, जोड नको, पोकळ नळी नको. तीन इंच नळीच्या आत राहिलाच पाहिजे. तिथं कानशीनं खूण कर आणि ती खूण कधी बाहेर दिसता कामा नये. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव, पायडल खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर. हँडल सीटच्या बरोबरीनं ठेव, लांब जायचं तर पाठ मोडत नाही.

हंबीरला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याच्यानं एवढ्या वर्षांत झालं नाही. तू शिकलेली आहेस, तुला कसं सांगावं ते कळेल.

तुझ्याकडं ममता मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, तरी सवयीनं मागतो.

तात्या


कोल्हापूर,
ता. १४ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांना,
अनुजाचा नमस्कार. वि. वि.

पत्र कँटीनमध्ये वाचलं. तुम्ही म्हणालात तसं आधी धैर्यशीलला जाऊन थांबवलं. तो विचारत राहिला काय झालं म्हणून, तेव्हा मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. दुपारनंतर तपासायला आलेला माल मी दुसरीकडं सोपवला, कारण मला आकडे दिसत नव्हते.

तुमच्या हातचं नाही असं मी लिहिलं होतं. तुम्हाला मी लहानपणापासून ओळखते असं मला वाटायचं. मोडलेलं खेळणं असो नाहीतर आईचा मिक्सर, तात्यांकडं दिलं की पुन्हा बघायला नको, असं आमच्या घरात सगळे बोलतात. बाबा तर सगळ्यांत जास्त.

तुम्ही ते दोन डाग का दिलेत ते मला समजू शकतं. आमच्याकडंही माल घाईत निघतो आणि चुका होतात. आजोबांपुढं तुमची जीभ उचलली नसेल, तेही समजतं. पक्कडीचं समजत नाही. बाबा दवाखान्यात असताना तुम्ही रस्त्यावर उभं राहून तुकडा काढत होतात, ते वाक्य मी पुन्हा वाचू शकले नाही.

बाबांना मी सांगणार नाही. लपवण्यासाठी नाही. ते माझं काम नाही म्हणून. तुम्ही दुकान आवरायचं सोपं काम माझ्याकडं आणि बाबांना सांगायचं अवघड कामही माझ्याकडंच टाकलंत, तात्या. तुमचं पत्र याच पाकिटात परत पाठवते आहे. हे ज्यांना लिहायचं होतं त्यांच्या नावानं पाठवा. पत्ता तुम्हाला पाठ आहे. गेला आठवडा बाबा समोर बसून जेवतात आणि मी खाली मान घालून भाजी वाढते. त्यांना वाटतं मी आजारी आहे. परवा त्यांनी माझ्यासाठी लिंबू सरबत केलं. मी ते पितानासुद्धा त्यांच्याशी खोटं बोलत होते. मला हे जास्त दिवस जमणार नाही.

दांडा कातायला टाकला आहे, अखंड सळईचा. पण तुमचं पत्र बाबांच्या हातात पडल्याशिवाय मी त्या सायकलवर बसणार नाही. दसरा गेला तर गेला.

रागानं लिहिलं आहे, ते तसंच पाठवते आहे. लोभ कमी झालेला नाही, म्हणूनच इतका त्रास होतो आहे.

अनुजा


कुरुंदवाड,
ता. १८ सप्टेंबर २०२५

चि. हंबीररावास,
सयाजीचे आशीर्वाद.

सोबत एक पत्र जोडलं आहे. ते मी अनुजाला लिहिलं होतं. तिनं ते परत केलं आणि तुला पाठवायला सांगितलं. तिचं बरोबर आहे. नव्यानं लिहायला घेतलं तर मी त्यातलं काही मऊ करीन असं मला वाटलं, म्हणून आहे तेच पाठवतो. अनुजाला आठ-दहा दिवसांपूर्वीच कळलं आहे, तिला बोल लावू नकोस. तुझ्यापासून लपवायला मीच तिला भाग पाडलं.

पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. तू दवाखान्यात माझ्याकडं बघितलंस तेव्हा मला वाटलं की तुला कळलंय. तू बोलशील म्हणून मी रात्रंदिवस वाट पाहत होतो. तू बोलला नाहीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

माफी मागतो. माफ कर असं म्हणत नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. तू जे लिहिशील ते मान्य, नाही लिहिलंस तरी मान्य.

तुझा,
दादा


कोल्हापूर,
ता. २६ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
हंबीररावचा नमस्कार. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. तीनदा वाचली. आठवडाभर लिहिलं नाही कारण काय लिहीन त्याची मलाच खात्री नव्हती.

तुला वाटलं तसं मला काही कळलं नव्हतं. दवाखान्यात मी तुझ्याकडं बघितलं ते आधारासाठी. आबा ओरडत होते आणि तू तिथं होतास. हात सोडून चालवायची मला कधीच सवय नव्हती. मला सायकल तूच शिकवलीस, तुला ते माहीत होतं. पण दुसरं कारण कुणी सांगेना, मग मी हेच धरलं. पुढं इतकी वर्षं लोकांना सांगून सांगून मला ते दिसायलाही लागलं, हात सोडलेले, उतार, तोल गेलेला. माझ्या डोळ्यांपुढं आजही ते चित्र येतं आणि आता कळतं की ते झालंच नव्हतं.

पायाचं म्हणशील तर पायाचा राग मला फार येत नाही. डेअरीतली नोकरी वाईट नव्हती, संसार झाला, पोर चांगली निघाली. दांड्याचाही नाही. तुझ्या जागी मी असतो तर आबांपुढं मीही हत्यार खाली ठेवलं असतं. पण आबा गेले तेव्हा शेवटच्या दिवशी मी त्यांचे पाय धरून म्हटलं की माझ्या मस्तीपायी तुम्हाला मान खाली घालावी लागली, पोटात घाला. तू पलीकडच्या खाटेवर बसला होतास. तेव्हा तुला बोलता आलं असतं. आबांना नसतं कळलं तरी मला कळलं असतं. पोरीला मी सायकल दिली नाही. तिनं मला भित्रा म्हटलं आणि मी मनात म्हटलं, खरंच आहे.

आणि रविवार. पडल्यानंतर दोन वर्षं तू दर रविवारी यायचास. तीळतेल कोमट करून माझ्या खुब्याला तासभर चोळायचास. मी ओरडलो तरी सोडायचा नाहीस. मी डेअरीत, पाहुण्यांत, सगळ्यांना सांगत आलो की असा भाऊ कुणाला नसतो. अनुजाच्या आईला लग्नाआधी तुझ्याबद्दल मी हेच पहिलं सांगितलं. आता त्या रविवारांना काय म्हणायचं, दादा? तू माझ्यासाठी यायचास की स्वतःसाठी, ते मला ठरवता येत नाही. आठवडाभर तेच ठरवतो आहे. तुला येत असेल तर खरं सांग, पण पत्रानं नको.

अनुजानं दांडा कातून आणलाय. तो तिनं माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, बसवू का. मी म्हटलं, थांब. दसऱ्याला अजून सहा दिवस आहेत. आबांचा रिवाज मला माहीत आहे, मंगळवारी अष्टमी, म्हणजे हत्यारं खाली ठेवायच्या आत ते काम व्हायला पाहिजे. तू सोमवारी ये. तुझा पान्हा घेऊन ये, अनुजाचा नको. सीट तूच बसव आणि दांडा किती आत गेला ते मला दाखव. मी जवळ बसेन. तुझ्याशी बोलेन की नाही ते आज सांगता येत नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. तो आहे, नाहीतर तुला बोलावलं नसतं. पण पूर्वीसारखाच आहे असं लिहायला आज हात धजत नाही.

हंबीरराव